ग्रानादाची ही सहल नेमकी कोणासाठी?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या भगिनी सोलापूरच्या असून महाविद्यालयात इतिहास शिकवतात. एम. ए.ला असताना त्यांनी वहीत अलहम्ब्राच्या, म्हणजे स्पेनमधल्या ग्रानादा शहरातल्या मध्ययुगीन राजवाडा-किल्ल्याच्या, सिंहचौकाचा आराखडा काढला होता आणि ती वही त्यांनी अजून जपून ठेवली आहे. येत्या मे महिन्यात पती, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सहासष्ट वर्षांच्या सासूबाई यांच्यासह स्पेनला जावे, असे त्यांच्या मनात आहे. पतींचे म्हणणे असे की, मुलांना यातले काहीच कळणार नाही आणि लक्षातही राहणार नाही, तेव्हा पाच-सहा वर्षे थांबावे. आणि जायचेच असेल तर दहा दिवसांत माद्रिद, तोलेदो, कोर्दोबा, सेविया, ग्रानादा व बार्सिलोना असे सगळेच उरकावे. मागच्या दिवाळीत हे कुटुंब विजापूरला गेले होते. तिथे गोलघुमटात मुलीने प्रतिध्वनीखेरीज कशातही रस घेतला नाही, मुलगा जिन्यात बसून रडला, बाईंचा पारा चढला आणि परतीच्या प्रवासात गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही. त्या विचारतात: "मुलांना इतिहासाची गोडी लागावी म्हणूनच मी हे सगळे करते आहे. पण पुन्हा विजापूरच होणार असेल, तर जावे का? आणि गेलोच तर मुलांना न कंटाळवता सगळे दाखवायचे कसे? सासूबाई बरोबर असल्याने मुलांना सांभाळायला एक माणूस असेल, एवढाच काय तो दिलासा."

सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रात 'मुलांसाठी' हा शब्द इतक्या वेळा आला आहे की, वहीतल्या त्या आराखड्याचा उल्लेख वाचताना मी थबकले. एवढा जुना आराखडा जपून ठेवणारी बाई ग्रानादाला मुलांसाठी जात नसते, ती स्वतःसाठी जात असते, आणि त्यात संकोच वाटावा असे काहीही नाही. आपल्याकडे आईने स्वतःच्या हौसेपायी एवढा खर्च केला असे कोणी म्हणू नये, म्हणून त्या हौसेवर मुलांच्या शिक्षणाचे पांघरूण घालण्याची रीत आहे. त्याचा तोटा असा होतो की, मग मुलांनी शिकून दाखवणे बंधनकारक होऊन बसते. चार वर्षांच्या मुलाने कमानींकडे न पाहता मुंग्यांकडे पाहिले की आईला ती स्वतःची फसगत वाटते, आणि पोराला मात्र आपले काय चुकले याचा पत्ताही लागत नाही. विजापूरला बहुधा हेच घडले असावे. म्हणून पहिली सूचना अशी की, पतींना आणि सासूबाईंना स्पष्ट शब्दांत सांगा, "मला अलहम्ब्रा पाहायचा आहे आणि तो मला या वयात पाहायचा आहे." एकदा हे बोलून टाकले की, दिवसातला कोणता तास कोणाच्या इच्छेखातर आहे हे ठरवणे सोपे जाते, आणि मुलांना घेऊन एखादे ऐतिहासिक शहर पाहण्याचा सगळा प्रश्न, माझ्या मते, या वाटणीचाच आहे.

गोलघुमटाविषयी थोडे वेगळे मत मांडू का? मुलीने प्रतिध्वनीखेरीज कशातही रस घेतला नाही, असे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. पण त्या इमारतीत प्रतिध्वनीखेरीज आणखी कशात रस घ्यायचा? घुमटाखालच्या सज्जात एका बाजूला कुजबुजलेले दुसऱ्या बाजूला ऐकू जाते, हे त्या वास्तूचे मर्म आहे आणि आठ वर्षांच्या मुलीने ते कोणाच्या मदतीवाचून हेरले. आदिलशाहीची वंशावळ तिला नको होती, एवढेच. मुलाचे म्हणाल, तर सज्जात पोहोचण्यासाठी सात मजले उंच मनोऱ्यातला अरुंद जिना चढावा लागतो. चार वर्षांच्या पायांनी तिथे बसकण मारली, तर तो इतिहासाविषयीचा अनादर नव्हे.

आता पतींच्या आक्षेपाकडे वळू, कारण त्यात तथ्य आहेच. साधारण साडेतीन वर्षांच्या आधीच्या घटना मोठेपणी सहसा आठवत नाहीत, हे मानसशास्त्रात सर्वमान्य आहे, आणि चौथ्या वर्षातलेही पुसट तुकडेच काय ते उरतात. तेव्हा मुलाच्या लक्षात ग्रानादा राहील, अशी आशा बाळगू नका; मुलीच्या लक्षात मात्र बरेच राहील. पण लक्षात राहणे ही अट आपण फक्त खर्चिक प्रवासालाच का घालतो, याचा विचार तुमच्या पतींनी करावा. मामाच्या लग्नाला किंवा ग्रामदैवताच्या जत्रेला नेताना 'याला आठवणार आहे का' असे कोणी विचारत नाही. शिवाय पाच-सहा वर्षे थांबल्यास मुलगी चौदाची होईल आणि सासूबाई बहात्तरच्या. थांबण्यालाही किंमत असते, ती फक्त पावतीवर दिसत नाही. अर्थात या सहलीसाठी कर्ज काढावे लागणार असेल किंवा घरात दुसरी निकड असेल, तर पतींचे ऐका. अलहम्ब्रा कुठे जात नाही. तसे काही पत्रात नाही, म्हणून पुढचे लिहिते.

सहा शहरांचा बेत मात्र मोडीत काढा. दहा दिवसांत सहा शहरे म्हणजे जवळपास दर दीड दिवसाला सामान बांधायचे, स्थानक गाठायचे, नवी खोली शोधायची आणि मुलाला नव्या गादीवर झोपवायचे. त्यात पाहण्याचा वेळ कमी आणि सांभाळण्याचा वेळ जास्त जातो, आणि सांभाळण्याचे काम कोणाच्या वाट्याला येते हे तुम्हाला मी सांगायला नको. माद्रिदहून ग्रानादापर्यंत २०१९ सालापासून थेट वेगवान रेल्वे आहे आणि प्रवास साडेतीन तासांच्या आत-बाहेर होतो. उतरल्यावर एक मुक्काम माद्रिदला करा आणि मग ग्रानादात निदान पाच रात्री एकाच घरात राहा. उरलेल्या दिवसांत कोर्दोबा किंवा सेविया यांपैकी एक शहर जमले तर पाहा. पतींना बार्सिलोनाचा फारच ओढा असेल, तर त्यांच्या इच्छेची ती वेगळी सहल होऊ शकते, आणि तीही त्यांनी मुलांचे नाव पुढे न करता मागावी.

ग्रानादाच का, असे कोणी विचारले तर मुलांच्या दृष्टीने माझे उत्तर 'पाणी' हे असेल. तेराव्या शतकात ग्रानादावर राज्य करणाऱ्या नसरी या मुसलमान घराण्याचा पहिला सुलतान मुहम्मद याने दारो नदीचे पाणी सुमारे सहा किलोमीटर वरच्या अंगाला अडवले आणि पाटाने टेकडीवर आणले. त्या एका पाटाच्या जिवावर पुढे राजवाडे, बागा, हमामखाने आणि कारंजी उभी राहिली. हेनेरालिफे या सुलतानांच्या उन्हाळी बागेच्या वरच्या बाजूला एक पाण्याचा जिना आहे. त्याच्या दोन्ही कडांच्या भिंतींवर, आपण कठड्याला हात ठेवतो नेमक्या त्या जागी, पन्हळी केलेल्या आहेत आणि त्यांतून पाणी खळाळत खाली येते. वर लॉरेलच्या झाडांची दाट कमान आहे, त्यामुळे भर दुपारीही तिथे गारवा असतो. मोठी माणसे त्या जिन्यावर उभी राहून छायाचित्रे काढतात. मुले मनगटापर्यंत हात बुडवून, एखादे वाळलेले पान सोडून, ते पुढच्या टप्प्यावरच्या कारंज्यापाशी आपल्या आधी पोहोचते का हे पाहायला धावत सुटतात. ओला कठडा आणि धावणारे मूल हे लक्षात घेऊन एकाने खालच्या टप्प्यावर उभे राहावे, म्हणजे झाले. इथे तुमच्या मुलाला अर्धा तास द्या. या अर्ध्या तासात त्याला काही सांगू नका. मुलीने विचारलेच, तर मात्र एवढे जरूर सांगा की, हे पाणी पंपाने वर चढवलेले नाही, ते उतारानेच इथवर आणले आहे. सोलापूरच्या मुलीला पाणी दुरून आणण्याची गोष्ट पटकन समजेल.

आता अलहम्ब्राच्या तिकिटांविषयी, कारण सगळ्या बेताची किल्ली तीच आहे. पूर्ण तिकिटावर नसरी राजवाड्यांत शिरण्याची वेळ छापलेली असते. त्या वेळेपासून अर्ध्या तासाच्या आत दाराशी पोहोचले नाही, तर आत सोडत नाहीत. बाबागाडी राजवाड्यांत नेता येत नाही, मोठ्या पाठपिशव्याही बाहेर ठेवाव्या लागतात, आणि एकदा बाहेर पडले की पुन्हा आत येता येत नाही. म्हणजे ज्या क्षणाची तुम्ही इतकी वर्षे वाट पाहिली, नेमक्या त्याच क्षणी मुलाला लघवीला लागणार आणि तुम्ही घड्याळाकडे पाहत असणार. असे होऊ नये म्हणून मी दोन वेगळी तिकिटे सुचवते. एके दिवशी सगळ्यांनी मिळून बागा, हेनेरालिफे आणि अल्कासाबा हा किल्ला यांचे तिकीट काढावे. त्यात नसरी राजवाडे नसतात, त्यामुळे घड्याळाचा धाक तेवढा कमी होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही एकट्याने पूर्ण तिकीट काढून राजवाड्यांत जावे आणि वहीही बरोबर न्यावी.

दुसरा पर्याय रात्रीच्या भेटीचा आहे. निवडक रात्री नसरी राजवाडे दिव्यांच्या प्रकाशात पाहता येतात. मुले झोपल्यावर तुम्ही दोघे जाऊ शकता आणि ते सुंदरही असते. पण तुम्ही इतिहासाच्या माणूस आहात. दोन भगिनींच्या दालनातल्या छतात मधाच्या पोळ्यासारखे घडवलेले पाच हजारांहून अधिक कोनाडे आहेत, भिंतींवर गिलाव्यात कोरलेल्या कवितांच्या ओळी आहेत, आणि हे सारे दिवसाच्या तिरप्या उजेडात जसे उलगडते तसे रात्री दिसत नाही. म्हणून एकच निवडायचे असेल, तर दिवस निवडा. तिसरा पर्याय सगळ्यांनी एकत्र राजवाड्यांत जाण्याचा. तो मी नाकारत नाही, मुले शांत असतील तर तेही जमेल. पण तसे करायचे असेल तर आपण जे पाहू ते मुलांच्या चालीने आणि अर्धे पाहू, हे आधीच मान्य करून जा. आणि मुलगी स्वतःहून म्हणाली, "आई, मी येते," तर तिला एकटीला न्या. सिंहचौकातल्या बारा सिंहांचे चेहरे अगदी एकसारखे नाहीत. दोरीच्या अलीकडून त्यांतले फरक शोधण्याचे काम तिला द्या आणि तुम्ही चौकाच्या खांबांकडे पाहा.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: अलहम्ब्राच्या टेकडीवरचा बराच भाग तिकिटावाचून पाहता येतो. १३४८ साली बांधलेल्या न्यायाच्या दरवाजाच्या बाहेरच्या कमानीवर एक हात कोरलेला आहे आणि आतल्या कमानीवर एक किल्ली. ज्या दिवशी हात किल्लीपर्यंत पोहोचेल त्या दिवशी अलहम्ब्रा कोसळेल, अशी दंतकथा आहे. मुलांना आधी फक्त एवढेच सांगा आणि शोधू द्या. तिथून पुढे स्पेनचा सम्राट कार्लोस पाचवा याचा राजवाडा लागतो. १५२७ साली त्याचे काम सुरू झाले. बाहेरून चौकोनी, अवजड आणि नसरी नजाकतीशेजारी काहीसा उद्धटच दिसणारा हा वाडा मला स्वतःला आवडत नाही. पण आतला चौक संपूर्ण गोल आहे, वर आकाश उघडे आहे, आणि मधोमध उभे राहून टाळी वाजवली की आवाज परत येतो. तुमच्या मुलीला काही न सांगता तिथे मधोमध उभी करा. या वाड्यात प्रवेश विनामूल्य आहे, धावायला जागा भरपूर आहे आणि शौचालयही जवळ आहे.

अल्कासाबा म्हणजे टेकडीच्या टोकावरचा किल्ला. आपल्याकडची मुले गड चढलेली असतात, त्यामुळे इथे त्यांना काहीही समजावून द्यावे लागत नाही: तट, बुरूज, टेहळणी, शत्रू कुठून येणार, सगळे त्यांचे त्यांना कळते. आतल्या बाजूला सैनिकांच्या घरांचे फक्त पाये उरले आहेत आणि वरून पाहिले तर तो चक्क भुलभुलैया दिसतो. वेला बुरुजावरून एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला मे महिन्यातही बर्फ मिरवणारी सिएरा नेवादाची शिखरे दिसतात. कठडे काही ठिकाणी ठेंगणे आहेत, तिथे मुलाचा हात सोडू नका. बागांच्या भागातल्या पार्ताल या जागेच्या तळ्यालाही कुंपण नाही.

इतिहास सांगायचाच नाही का? जरूर सांगा, पण विचारले तेवढाच. शिवरायांच्या गोष्टी ऐकत वाढलेली आठ वर्षांची मुलगी किल्ल्यावर उभी राहिली की, "कोण जिंकले? चांगले कोण होते?" असे विचारणारच. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहराच्या किल्ल्या राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो या ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या हवाली केल्या. तहात मुसलमान रहिवाशांना धर्म, मशिदी आणि मालमत्ता राखण्याची हमी होती. दहा वर्षांच्या आत ती मोडली गेली. १४९२ सालीच ३१ मार्चला याच शहरातून यहुदी लोकांना देश सोडण्याचा हुकूम निघाला, आणि एप्रिलमध्ये जवळच्या सांता फे इथे कोलंबसाशी करार झाला. हे सगळे एका घासात भरवण्याची गरज नाही. 'वचन दिले आणि मोडले' एवढे सूत्र आठ वर्षांच्या मुलीला पूर्णपणे समजते, आणि जिंकलेले सगळे चांगले नसतात, हेही तिला त्यातून उमजेल. आपल्या घरातले आजचे वाद त्या गोष्टीत शिरू देऊ नका. ग्रानादाचे दुःख ग्रानादाचेच राहू द्या. बोआब्दिल जाताना मागे वळून रडला आणि त्याच्या आईने 'जे पुरुषासारखे राखता आले नाही त्यासाठी बाईसारखा रड' असे त्याला सुनावले, ही गोष्ट तिथे सगळेच सांगतात. ती दंतकथा आहे, बरीच नंतर रचलेली. जिन्यात बसून रडणाऱ्या मुलाच्या देखत ती सांगू नये, असे माझे मत आहे.

राजघराण्याच्या प्रार्थनामंदिरात, म्हणजे कापिया रेआलमध्ये, इसाबेल आणि फेर्नांदो यांच्या संगमरवरी समाध्या आहेत. खाली तळघरात प्रत्यक्ष शिशाच्या साध्या शवपेट्या दिसतात आणि त्यांत एक अगदी लहान आहे. ती त्यांच्या नातवाची, मिगेलची. तो दोन वर्षांचा होण्याआधीच वारला. मुलीला तिथे न्यावे की नाही, हे तुम्ही तिचा स्वभाव पाहून ठरवा. नेलेत तर तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर देण्याची तयारी ठेवा. मुलाला मात्र त्या वेळी बाहेर चौकात खेळू द्यावे.

अल्बाइसीन ही समोरच्या टेकडीवरची जुनी वस्ती. पांढऱ्या भिंती, चढाच्या गल्ल्या आणि पायाखाली काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षीदार फरसबंदी. बाबागाडी इथे ढकलणे म्हणजे शिक्षा आहे. मूल थकले तर कडेवर किंवा झोळीत घ्यावे लागेल. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी प्लासा नुएवा या चौकातून सी-३१ क्रमांकाची छोटी बस वर जाते, आणि अलहम्ब्राकडे जवळच्याच इसाबेल ला कातोलिका चौकातून सी-३० जाते. नेहमी बसने वर जा आणि पायी खाली उतरा, उलट कधीही करू नका. वाटेत मुलांना एक उद्योग द्या: डाळिंबे मोजण्याचा. ग्रानादाचे मानचिन्ह डाळिंब असल्याने रस्त्याकडेचे लोखंडी खुंट, गटारांची झाकणे, गल्ल्यांच्या नावांच्या चिनी मातीच्या पाट्या, सगळीकडे ते दिसते, आणि डाळिंबाच्या जिल्ह्यातून आलेल्या मुलांना ते ओळखायला शिकवावे लागणार नाही. दारो नदीच्या काठाने उतरताना अकराव्या शतकातला बान्युएलो हा हमाम लागतो. त्याच्या छताला चांदण्यांच्या आकाराची भोके आहेत आणि त्यांतून उजेडाचे कवडसे जमिनीवर पडतात. भेट दहा मिनिटांत संपते. लहान मुलांसाठी हा फार मोठा गुण आहे. सान निकोलासच्या प्रसिद्ध सज्जावर संध्याकाळी फार गर्दी होते आणि बसायच्या भिंतीपलीकडे थेट उतार आहे. तिथे मुलांना घेऊन सूर्यास्त पाहण्याचा हट्ट नको. शेजारीच २००३ साली सुरू झालेल्या मशिदीची छोटी बाग आहे, तिथूनही समोर अलहम्ब्राच दिसतो.

घड्याळाचा विचार आधीच करून ठेवा. मे महिन्यात ग्रानादा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. पहिले दोन-तीन दिवस मुले पहाटे साडेचारलाच टक्क जागी होतील आणि संध्याकाळी सातला कोलमडतील. याच्याशी झगडू नका, त्याचा फायदा घ्या: बागांचे तिकीट पहिल्या दोन दिवसांतच आणि सकाळी साडेआठच्या उघडण्याच्या वेळेचे काढा. शहर दुपारी दोन ते पाच या वेळात मंदावते, तेव्हा खोलीवर जाऊन झोपा. सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो आणि रात्री दहालाही चौकांत स्थानिक मुले चेंडू खेळत असतात. चौथ्या दिवसापासून तुमचीही त्यांत मिसळतील आणि भाषेवाचून त्यांचे काही अडणार नाही. ऊन सोलापूरच्या मेपुढे काहीच नाही, रात्री मात्र स्वेटर लागतो.

जेवणाच्या वेळा हीच खरी अडचण आहे. भटारखाने रात्री साडेआठच्या आधी क्वचितच सुरू होतात. तिथली मुले संध्याकाळी सहाच्या सुमारास मधले खाणे खातात, तेच धोरण तुम्हीही ठेवा: बिब-रांब्ला चौकात चुरो, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, आणि घट्ट चॉकलेट, आणि रात्री खोलीवर साधा भात. म्हणून हॉटेलाऐवजी स्वयंपाकघर असलेले घर घ्या. ग्रानादात पेयाबरोबर तापा, म्हणजे छोटी खाण्याची बशी, फुकट येते. मुलांच्या शीतपेयाबरोबरही बहुधा येते. तुम्ही शाकाहारी असाल तर "सिन कार्ने", म्हणजे 'मांसाशिवाय', एवढे पुरत नाही. "सिन हामोन, सिन पेस्कादो" असे हॅम आणि मासळीचे नाव घेऊन सांगा, नाहीतर भाजीवर हॅमचे तुकडे पेरलेले येतात. तळलेल्या वांग्याच्या कापांवर उसाचा पाक घालून देतात, तो मुलांना आवडेल. ती चव म्हणजे आपली काकवीच. घरून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न्या, पण पेढे, बर्फी, खवा नेऊ नका, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते.

एक दुपार सायन्स पार्कसाठी, पार्के दे लास सिएन्सियाससाठी राखून ठेवा. इतक्या लांब जाऊन विज्ञान संग्रहालय कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण तिथे सगळ्या वस्तूंना हात लावता येतो, आणि दोन दिवस 'हात लावू नकोस' हे ऐकलेल्या मुलांना त्याची गरज असते. सोमवारी ते बंद असते.

राहता राहिला तुमचा 'दिलासा'. सासूबाईंना तुम्ही विचारले आहे का की, त्यांना स्पेनमध्ये काय पाहायचे आहे? पत्रावरून तसे वाटत नाही. सहासष्ट वर्षांच्या बाईने पासपोर्ट काढून, चौदा-पंधरा तासांचा प्रवास करून, परक्या देशातल्या बाकावर नातवंडांची राखण करीत बसावे, हा बेत त्यांच्याशी न बोलता ठरवणे बरे नाही. त्या आनंदाने एखादा तास मुलांना पाहतीलही, पण तो त्यांनी देऊ केलेला असावा. तुम्ही राजवाड्यांत असाल त्या सकाळी मुलांची जबाबदारी त्यांच्या वडिलांची. गार्सिया लोर्का उद्यानात बदकांचे तळे आहे, खेळणी आहेत, सकाळ सहज निघते. दुसऱ्या एखाद्या अर्ध्या दिवशी तुम्ही मुलांना घ्या आणि पतींना मोकळे सोडा. आणि एक सकाळ सासूबाई म्हणतील तिथे सगळ्यांनी जावे, मग ते गुलाबांची बाग असो, मंडई असो की नुसते चर्चमध्ये बसणे असो.

मुलांच्या खिशात तुमचा फोन क्रमांक लिहिलेला कागद ठेवा. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. घर आणि रेल्वे नंतर ठरवली तरी चालेल, पण अलहम्ब्राची तिकिटे आधी काढा, कारण मे महिन्यातली तिकिटे आठवडेच्या आठवडे आधी संपतात. ती अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, नावे आणि क्रमांक पासपोर्टवर आहेत अगदी तसेच लिहा, आणि त्या दिवशी मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा. बारा वर्षांखालील मुलांना पैसे पडत नाहीत, तरी तिकीट लागतेच. चिरंजीवांचे विसरू नका.